उरणमधील पाणथळ जागांच्या रक्षणाची चळवळ

उरणमधील पाणथळ जागांच्या रक्षणाची चळवळ ही महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात बंदर, विशेष आर्थिक क्षेत्र, गोदामे व त्यांना जोडणारे रस्ते यांसाठी होणाऱ्या भरावाविरुद्ध चाललेली स्थानिक चळवळ आहे. पारंपरिक मच्छीमार, आगरी व कोळी समाजातील ग्रामस्थ, पक्षिनिरीक्षक आणि पर्यावरणवादी संस्था यांचा तिच्यात सहभाग आहे. पाणजे, भेंडखळ, बेलपाडा आणि सावरखार येथील पाणथळ जागा या वादाच्या केंद्रस्थानी आहेत. या जागांपैकी पाणजे येथील क्षेत्र सर्वांत मोठे असून ते सुमारे २८९ हेक्टर आहे.

चळवळीतील मागण्या वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांचा मूळ मुद्दा समान आहे. भरतीचे पाणी खाडीतून आत येण्याचा मार्ग खुला राहावा, असे मच्छीमार आणि पक्षिप्रेमी या दोहोंचेही म्हणणे आहे. हा मार्ग बंद झाल्यास मासळीची पैदास थांबते, पक्षी जागा सोडतात आणि काही वर्षांनी तीच जमीन कोरडी व बांधकामास योग्य दिसू लागते.

भौगोलिक पार्श्वभूमी

उरण तालुका मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर, मुंबई शहराच्या समोर वसलेला आहे. त्याच्या उत्तरेस ठाणे व पनवेलच्या खाड्यांचे मुख असून दक्षिणेस करंजा खाडी आहे. घारापुरी बेटाचा समावेशही याच तालुक्यात होतो. तालुक्याचा बराचसा भाग सखल असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची फार नाही. मुंबई परिसरात उधाणाच्या भरतीची उंची सुमारे पाच मीटरपर्यंत जात असल्यामुळे येथील जमिनीचे स्वरूप भरती-ओहोटीवरच ठरत आले आहे.

किनाऱ्यालगत चिखलपट्टे, त्यामागे कांदळवन म्हणजे तिवरांची झाडी, त्यामागे खाजणे व मिठागरे आणि सर्वांत आत भातशेती, अशी येथील भूरचना आहे. खाऱ्या पाण्यापासून शेती वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातले. या बांधांत पाण्याची ये-जा नियंत्रित करणारी दारे असतात, त्यांना ‘उघाडी’ असे म्हणतात. ओहोटीच्या वेळी उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येणे थांबते. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरल्यास त्यास ‘खांड पडणे’ म्हणतात. अशा बांधांची देखभाल व खारभूमीचा विकास यांसाठी महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ हा स्वतंत्र कायदा आहे.

त्यामुळे उरणमधील अनेक पाणथळ जागा पूर्णपणे नैसर्गिक नाहीत. जुनी मिठागरे, पडीक राहिलेली खारजमीन आणि नगररचनेसाठी राखलेले धारण तलाव यांत भरतीचे पाणी येत राहिल्याने त्या तयार झाल्या आहेत. त्यांच्या या मिश्र उत्पत्तीमुळे पुढे त्यांच्या कायदेशीर दर्जाविषयी वाद निर्माण झाला.

पक्षिजीवन

उरणचा किनारा मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो. मध्य व उत्तर आशियात वीण करणारे अनेक पाणपक्षी या मार्गाने हिवाळ्यात भारतीय उपखंडात येतात. उरणमध्ये तुतवार, चिखल्या, पाणटिवळा, कुरव, सुरय आदी स्थलांतरित पक्ष्यांबरोबर शेकाट्या, चमचा, चित्रबलाक आणि बगळ्यांच्या विविध जाती आढळतात.

या परिसराची सर्वाधिक ओळख रोहित पक्ष्यांमुळे आहे. छोटा रोहित आणि मोठा रोहित या दोन्ही जाती येथे दिसतात. त्यांपैकी छोटा रोहित ही जात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘संकटसमीप’ या वर्गात नोंदलेली आहे. रोहितांचे भारतातील प्रमुख वीणस्थान कच्छच्या रणात आहे. मुंबईलगतच्या चिखलपट्ट्यांवर १९९० च्या दशकापासून ते मोठ्या संख्येने येऊ लागले. चिखलातील सूक्ष्म शैवाल हे छोट्या रोहिताचे मुख्य अन्न आहे.

या पक्ष्यांचा दिनक्रम घड्याळावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीच्या वेळी खाडीतील चिखलपट्टे उघडे पडतात आणि पक्षी तेथे अन्न शोधतात. भरती आल्यावर हे पट्टे पाण्याखाली जातात. तेव्हा पक्ष्यांना जवळच उथळ पाण्याची, मोकळी व निर्धोक जागा विश्रांतीसाठी लागते. पाणजे, भेंडखळ आणि बेलपाडा येथील पाणथळ जागा नेमकी हीच गरज भागवतात. विश्रांतीची जागा नष्ट झाल्यास पक्ष्यांना दूर जावे लागते आणि स्थलांतरासाठी साठवलेली ऊर्जा दररोज खर्च होते. अन्नाचे चिखलपट्टे शाबूत असूनही विश्रांतिस्थानांच्या अभावी पक्ष्यांची संख्या घटू शकते.

या कारणास्तव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीच्या संवर्धनाचा विचार करताना पाणजे, भेंडखळ व बेलपाडा या उरणमधील जागांना आणि नवी मुंबईतील एनआरआय संकुल व टी.एस. चाणक्य परिसरातील जागांना ‘उपग्रह पाणथळ जागा’ मानून त्यांचे एकत्रित व्यवस्थापन करण्याची शिफारस केली. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीच्या सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्रास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. उरणमधील विश्रांतिस्थाने मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिली.

मासेमारी आणि उपजीविका

उरणच्या कोळीवाड्यांतील बहुसंख्य कुटुंबे यांत्रिक नौकांऐवजी खाडीतील मासेमारीवर अवलंबून होती. लहान होड्या व जाळी वापरून, अनेकदा गुडघाभर चिखलात उतरून, ही मासेमारी केली जाते. कोलंबी, बोईट, जिताडा, निवटी, चिंबोरी आणि कालवे ही येथील प्रमुख मिळकत होय. चिखलात उतरून कालवे व शिंपले वेचण्याचे आणि मासळी बाजारात विकण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात.

कांदळवनाच्या मुळांमध्ये अनेक जातींची मत्स्यबीजे वाढतात. खाजणातील उथळ पाणी ही त्यांची पुढील वाढीची जागा असते. त्यामुळे भरतीचा प्रवाह अडवला गेल्यास त्याचा परिणाम केवळ त्या जागेपुरता न राहता खाडीतील मासेमारीवरही होतो. मच्छीमारांची जमिनीवर मालकी नसल्याने भूसंपादनाच्या वेळी त्यांचे नुकसान सहसा मोजले जात नाही, ही त्यांची प्रमुख तक्रार राहिली आहे.

औद्योगिकीकरणाचे टप्पे

मार्च १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना झाली. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे व रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन अधिसूचित करण्यात आली. यांत उरण तालुक्यातील गावांचाही समावेश होता. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे खनिज तेल सापडल्यानंतर तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रक्रिया प्रकल्प उरणजवळ उभारला गेला.

मुंबई बंदरावरील भार कमी करण्यासाठी न्हावा व शेवा या गावांच्या परिसरात जवाहरलाल नेहरू बंदर बांधण्यात आले. ते २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले आणि पुढे देशातील सर्वाधिक कंटेनर हाताळणाऱ्या बंदरांपैकी एक ठरले. बंदराबरोबर कंटेनर ठेवण्याची आवारे, गोदामे, इंधनाच्या टाक्या, रेल्वेमार्ग व रुंद रस्ते आले. त्यानंतर द्रोणागिरी नोडचा विकास, नवी मुंबई विशेष आर्थिक क्षेत्र, बंदराचे स्वतःचे २७७ हेक्टरचे विशेष आर्थिक क्षेत्र आणि बंदराचे चौथे टर्मिनल असे टप्पे झाले. शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. या प्रकल्पांमुळे उरणमधील सखल जमिनीचे मूल्य आणि तीवरील भरावाचा वेग, दोन्ही वाढले.

विरोधाची वाटचाल

भूसंपादनाविरुद्धचा लढा

उरण तालुक्यास लोकआंदोलनांची जुनी परंपरा आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे झालेला जंगल सत्याग्रह आणि त्यावरील गोळीबार ही स्वातंत्र्यलढ्यातील परिचित घटना आहे. स्वातंत्र्योत्तर काळात नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघर परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. या टप्प्यात लढ्याचा विषय जमीन व मोबदला हा होता; खाजणे आणि पाणथळ जागा त्यात स्वतंत्रपणे आलेल्या नव्हत्या.

बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्याचा प्रश्न याच काळातील आहे. तेथील २५६ कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे वसवण्यात आले. नवीन वसाहतीतील घरांना वाळवीने ग्रासल्यामुळे तिची दुरवस्था झाली. योग्य पुनर्वसनासाठी या ग्रामस्थांनी अनेक दशके आंदोलने केली असून बंदराच्या जलमार्गात होड्या नेऊन जहाजे रोखण्याचा मार्गही त्यांनी अवलंबला.

विशेष आर्थिक क्षेत्रास विरोध

२००५ नंतर उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील ४५ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव आला. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध शेतकऱ्यांना संघटित केले. २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावले. भूसंपादनाच्या प्रश्नावर अशा रीतीने जनमत घेण्याचे हे देशातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक आहे. पुढे संपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. खाडीलगतची जमीन ‘पडीक’ नसून तिच्यावर शेती व मासेमारी चालते, हा युक्तिवाद या आंदोलनातून अधिक ठळक झाला.

मच्छीमारांचा दावा

जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारात झालेला भराव, कांदळवनाची हानी आणि समुद्राकडे जाण्याच्या मार्गातील अडथळे यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने निकाल देताना उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण कोळीवाडा व बेलपाडा कोळीवाडा येथील १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. दर कुटुंबामागे ही रक्कम ५ लाख ८४ हजार रुपये होते. तिचा भार बंदर, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि सिडको यांच्यात विभागण्यात आला व सर्वांत मोठा वाटा बंदराकडे आला.

जमिनीची मालकी नसलेल्या समूहाचा खाडीवरील उपजीविकेचा हक्क या निकालाने मान्य केला, म्हणून तो महत्त्वाचा मानला जातो. गेलेल्या मासेमारीचे मूल्य त्यात पैशांत ठरले. ज्या चिखलपट्ट्यांवर आधीच भराव झाला होता, तेथे भरतीचे पाणी मात्र परत आले नाही.

पाणथळ जागांचा प्रश्न

२०१० च्या दशकात पक्षिनिरीक्षक व पर्यावरण संस्थांनी उरणमधील पाणथळ जागांच्या नोंदी, छायाचित्रे व उपग्रहचित्रे जमवण्यास सुरुवात केली. नॅटकनेक्ट फाउंडेशन, वनशक्ती आणि स्थानिक मच्छीमारांच्या संघटना यांनी भरावाच्या तक्रारी जिल्हा प्रशासन, कांदळवन कक्ष, राज्य व केंद्र शासनाकडे सातत्याने केल्या. या टप्प्यात मच्छीमार व पक्षिप्रेमी प्रथमच एकाच मागणीवर एकत्र आले.

वादाचे मूळ : भरतीच्या पाण्याचा मार्ग

पाणजे येथील वादात मुख्य आरोप उघड भरावाइतकाच पाणी अडवण्याचा आहे. तेथील पाणथळ जागेत भरतीचे पाणी ठरावीक मोऱ्यांतून व झडपांच्या दारांतून येते. ही दारे बंद ठेवल्यास किंवा त्यांच्यापुढे माती टाकल्यास आतील पाणी आटते. आधी चिखल तडकतो, मग मासे व खेकडे मरतात आणि अखेरीस पक्षी येणे थांबवतात. अशा कोरड्या जागेस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यास तेथे पाणथळ जागेची लक्षणे दिसत नाहीत. पाणथळ जागेचा दर्जा ठरण्यापूर्वीच तिचे स्वरूप बदलले जाते, असा आंदोलकांचा आक्षेप आहे.

यास पुराचा पैलूही आहे. नवी मुंबईच्या सखल भागांसाठी धारण तलावांची रचना करण्यात आली आहे. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आल्यास पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ते ओहोटी येईपर्यंत या तलावांत साठून राहते. खाजणे व तलाव भरून उंच झाल्यास हे पाणी जवळच्या जुन्या गावांकडे वळते. उरणमधील काही गावांत व भातशेतीत पाणी शिरण्यामागे हेच कारण असल्याचे ग्रामस्थांचे म्हणणे आहे.

कायदेशीर चौकट

पाणथळ जागांसाठी केंद्र शासनाने २०१० मध्ये प्रथम नियम केले आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. २०१७ च्या नियमांतील व्याख्येतून नदीपात्रे, भातखाचरे आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ उत्पादन व मनोरंजन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळण्यात आले. किनारी नियमन क्षेत्रातील जागांनाही हे नियम लागू होत नाहीत. उरणमधील अनेक जागांची उत्पत्ती मिठागरांतून किंवा धारण तलावांतून झालेली असल्याने, त्या ‘मानवनिर्मित’ ठरवून संरक्षणाबाहेर ठेवता येतात का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत कांदळवन, चिखलपट्टे व खारदलदली यांना सर्वाधिक संरक्षण असलेल्या वर्गात स्थान आहे. एक हजार चौरस मीटरपेक्षा अधिक कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा ठेवण्याची तरतूद आहे. मात्र जेथे भरतीचे पाणी बंधाऱ्यामुळे अडले आहे, तेथे भरतीरेषा कोठे धरावी यावर जागेचा दर्जा अवलंबून राहतो.

न्यायालयीन निर्णय

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील कांदळवन तोडण्यास व त्यावर भराव टाकण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ रोजीच्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ अन्वये मिळालेल्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

वनशक्ती संस्थेच्या जनहित याचिकेवर याच न्यायालयाने २०१३ मध्ये पाणथळ जागांवरील भरावास प्रतिबंध करणारा आदेश दिला. पुढे तक्रारींची दखल घेण्यासाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. उरणमधील बऱ्याच तक्रारी या समितीपुढे गेल्या.

नेरूळ येथील एनआरआय संकुलालगतच्या पाणथळ जागेवर गोल्फ मैदान व निवासी बांधकामास वाव देणाऱ्या राज्य शासनाच्या अधिसूचना उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी रद्द केल्या. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ही जागा उरण तालुक्यात नसली, तरी उरणमधील चळवळीने त्या निकालाचा आधार घेतला.

राष्ट्रीय पातळीवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचे निर्देश दिले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना अशा जागांची प्रत्यक्ष पाहणी व सीमानिश्चिती पूर्ण करण्यास सांगितले.

विकास प्राधिकरणांची भूमिका

सिडकोच्या मते पाणजे व लगतची जमीन द्रोणागिरी नोडच्या मंजूर आराखड्याचा भाग असून ती नियोजित विकासासाठी रीतसर संपादित केलेली आहे. तेथील पाण्याचे साठे ही पूरनियंत्रणाच्या योजनेचा भाग असलेली बांधीव व्यवस्था आहे, नैसर्गिक पाणथळ जागा नव्हे, असाही युक्तिवाद करण्यात आला. बंदर व विशेष आर्थिक क्षेत्रांच्या समर्थकांनी देशाच्या आयात-निर्यातीतील बंदराचे महत्त्व व रोजगारनिर्मिती यांवर भर दिला आहे.

स्थानिक मतही एकसंध नाही. साडेबारा टक्के योजनेतील भूखंडधारक, कंटेनर वाहतूक व गोदामांत काम करणारे तरुण आणि बांधकाम व्यवसायाशी निगडित ग्रामस्थ यांचे हितसंबंध औद्योगिक विकासात गुंतलेले आहेत. अनेक कुटुंबांत एक पिढी मासेमारीत आणि दुसरी बंदराच्या रोजगारात, अशी स्थिती आढळते. चळवळीतील बहुतेक संघटनांनी बंदर बंद करण्याची मागणी केलेली नाही. उरलेल्या पाणथळ जागा वगळून विकास करावा, अशी त्यांची भूमिका आहे.

परिणाम व महत्त्व

या चळवळीमुळे पाणजेसह उरणमधील पाणथळ जागांची नावे न्यायालयीन व शासकीय नोंदींत आली आणि कांदळवनाची जमीन वनविभागाकडे सोपवण्याच्या प्रक्रियेस गती मिळाली. मात्र बेलपाडा, भेंडखळ व सावरखार परिसरातील अनेक तुकड्यांवर त्यापूर्वीच भराव झाला होता.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या उभारणीनंतर या प्रश्नास नवे परिमाण मिळाले आहे. विश्रांतिस्थाने नष्ट झाल्यास पक्षी पर्यायी जागांच्या शोधात उड्डाणमार्गाकडे वळून विमानांशी टक्कर होण्याचा धोका वाढेल, असे पक्षितज्ज्ञांचे म्हणणे आहे. याउलट, विमानतळाजवळ पाणथळ जागा राखणे हेच धोक्याचे आहे, असाही युक्तिवाद केला जातो. २० मे २०२४ रोजी मुंबईतील घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने किमान ३९ रोहित पक्षी मृत्युमुखी पडल्यानंतर या चर्चेस व्यापक प्रसिद्धी मिळाली.

अभयारण्याची सीमा आणि पक्ष्यांचा प्रत्यक्ष वावर यांतील तफावतीचे उदाहरण म्हणून उरणचा उल्लेख केला जातो. संरक्षित खाडीतील पक्षी दिवसातून दोनदा, भरतीच्या वेळी, असंरक्षित खाजणांवर अवलंबून असतात. त्याच खाजणांत वाढणारी मासळी पुढे खाडीत येऊन कोळ्यांच्या जाळ्यात सापडते. त्यामुळे येथील संवर्धनाचा प्रश्न जमिनीच्या सर्व्हे क्रमांकांइतकाच पाण्याच्या वाटांचाही आहे.

हे सुद्धा पहा

ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य
जवाहरलाल नेहरू बंदर
कांदळवन
रामसर करार
चिरनेर जंगल सत्याग्रह
दि. बा. पाटील